श्रीलंका : मे, दिवाळी की नाताळ? देवमासे, हत्ती, बिबट्या बघायचेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
लेक यंदा नववीत, म्हणजे पुढच्या वर्षी दहावी आणि घरात संचारबंदी, त्यामुळे काय फिरायचं ते याच वर्षात. श्रीलंका नक्की झालंय, मुंबईहून अडीच तासांत कोलंबो, बाबांना (वय ७१) तेवढंच झेपेल. देवळं, चहाचे मळे वगैरे नकोय, फक्त प्राणी. लेकीला ब्लू व्हेल, नवऱ्याला बिबट्या, मला हत्ती चालतील, कारण मला बोट लागते 😄

घोळ महिन्याचा आहे. एका ठिकाणी वाचलं डिसेंबर ते एप्रिल बेस्ट, दुसरीकडे वाचलं जुलै ते सप्टेंबरशिवाय जाऊच नका, एक टूरवाले म्हणाले मॅडम श्रीलंका बारा महिने छान, त्यांना काय, बुकिंग झालं की झालं. आमच्याकडे सुट्ट्या तीनच : मे, दिवाळी, नाताळ. नाताळात तिकिटं बघून डोळे पांढरे झाले. मे मध्ये दक्षिण किनाऱ्यावर मिरिसाला व्हेल दिसतात का? आणि मिनेरियाला शेकडो हत्ती जमतात ते नेमकं कधी? कोणी गेलं असेल तर सांगा प्लीज.

— खारूताई

---

खारूताई, मे अखेरीस मिरिसा चुकूनही नको, आम्ही पस्तावलोय. नैर्ऋत्य मोसमी पाऊस आपल्या आधी त्यांच्याकडे पोचतो, दक्षिण आणि पश्चिम किनारा खवळतो. आमच्या एजंटने पॅकेजमध्ये ‘व्हेल वॉचिंग’ छापलं होतं, तिथे गेलो तर बोटी वर ओढून ठेवलेल्या आणि समुद्र पार गढूळ. दोन दिवस हॉटेलच्या गॅलरीत बसून पत्ते खेळलो, पैसे परत नाहीत ते वेगळंच.
मिरिसाचा सीझन डिसेंबर ते एप्रिल. दिवाळीत तर ना इकडचे ना तिकडचे, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारनंतर कुठेही गडगडाट, शिवाय ‘याला’ या बिबट्यांच्या अभयारण्याचा मुख्य भाग सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बहुतेक वेळा बंद असतो.

— भटक्या६९

---

भटक्यादादा बरोबर बोलले, पण मे बाद करू नका, किनारा बदला. त्या बेटाला दोन पावसाळे. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा, तेव्हा पूर्वेला त्रिंकोमाली कोरडं आणि समुद्र शांत. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा, तेव्हा बरोबर उलटं. त्रिंकोमालीला खोल समुद्री दरी पार बंदरापर्यंत आत आलीये, म्हणून व्हेल किनाऱ्यापासून फार लांब नसतात. मिनेरियाचं म्हणाल तर तो मोठा जुना तलाव आहे, महासेन राजाने बांधलेला. तिथल्या कोरड्या महिन्यांत पाणी मागे सरतं, उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत येतं, त्याच्यासाठी कळप जमतात. खरा मेळा ऑगस्ट-सप्टेंबरचा, तो तुम्हाला मिळणार नाही. थोडेफार कळप आधीही फिरत असतात.

आणि नवऱ्याला सांगा ‘याला’ सोडा, वायव्येचं विल्पट्टू अभयारण्य करा, गर्दी कमी. मे अखेर ते जुलै तिथे पालू पिकतं. पालू म्हणजे आपली खिरणी हो! आम्ही जूनमध्ये गेलो होतो, जीप एका झाडाखाली थांबली, बघतो तर वर काळं धूड, अस्वल! फांदी हलवत होतं आणि पिवळी फळं टपाटप बॉनेटवर. ड्रायव्हर नुसतं “वलहा, वलहा” पुटपुटत होता, त्यांच्या भाषेत अस्वल. बिबट्या दिसला तो रस्त्यात आडवा, शेपटी फक्त हलतेय. दोन मिनिटं. बायकोचा फोटो हलला, अजून ऐकतोय मी.

शाळा १५ जूनच्या आसपास उघडते ना? मग मेच्या सुरुवातीला जाण्यापेक्षा जूनचा पहिला आठवडा पकडा. विमानतळाजवळचं नेगोंबो, विल्पट्टू, मिनेरियाजवळचं हबराना, त्रिंकोमाली, सगळं कोलंबोच्या उत्तरेकडचंच, दक्षिणेला जायचंच नाही.

— कोंबडीचोर

---

अरे वा, हे कोणीच सांगितलं नव्हतं! खिरणी ऐकून बाबाच उठून बसले, त्यांच्या गावाला झाड होतं म्हणे. तर जूनचा पहिला आठवडा धरते. आता एकच, त्रिंकोमालीला बोटी छोट्या उघड्याच असतात का? मी किनाऱ्यावर बसेन हो, पण बाबांना बसवायचं की नाही? आणि विल्पट्टूच्या जीपला धक्के किती, गेल्या वर्षीच गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

— खारूताई