डेन्व्हरला उतरताना विमान कुठल्या महिन्यात कमी हलतं? आईसाठी विचारतोय

कांदेपोहे७
नमस्कार मंडळी, आई पुढच्या वर्षी पुण्याहून पहिल्यांदाच एकटी अमेरिकेत, डेन्व्हरला येतेय आणि तिने आत्ताच बजावून ठेवलंय की विमान फार हललं तर मी परतीच्या विमानात बसणारच नाही, तुमच्याकडेच राहीन (बायकोने माझ्याकडे कसं बघितलं ते विचारू नका). एकदा मे महिन्यात भर दुपारी नागपूरला उतरताना तिच्या मांडीवर गरम चहा सांडला होता तेव्हापासून हे चालू आहे. मी स्वतः इथे सात-आठ वेळा उतरलोय, जानेवारी असो की जुलै, गचके आहेतच. जूनचं तिकीट बघत होतो, काढू का?

डोंगरवाट
जून नको रे. १८ वर्षं झाली मला इथे. थंडीतलं आणि उन्हाळ्यातलं हलणं वेगवेगळं असतं, लोक सगळं एकाच पिशवीत भरतात. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पश्चिमेचा जोराचा वारा शहराच्या पश्चिमेकडच्या रॉकीज डोंगररांगेवर आडवा येतो आणि अलीकडे आपल्या बाजूला उतरताना त्याच्या लाटा होतात, ओढ्यात मोठा धोंडा असला की त्याच्यापुढे पाणी खालीवर होत राहतं ना, तसंच. डोंगरांवर उपड्या बशीसारखे गुळगुळीत ढग एकाच जागी उभे दिसले की समजायचं आज पट्टा घट्ट. ९ डिसेंबर १९९२ ला एका मालवाहू डीसी-८ चं एक इंजिन याच डोंगरांवर तुटून पडलं होतं, तरी विमान नीट उतरलं. हे आईला सांगू नकोस.
उन्हाळ्यात सगळा खेळ तापलेल्या जमिनीचा. विमानतळ १,६५६ मीटर उंचीवर, हवा कोरडी, ऊन रणरणतं, दुपारपर्यंत हवेला उकळी फुटते आणि मग डोंगराकडून गडगडाटी ढग येतात. सकाळी तेच आकाश एकदम शहाण्यासारखं असतं.

अर्धाकप
+१. त्यात भर म्हणजे इथला पाऊस बऱ्याचदा जमिनीपर्यंत पोचतच नाही, ढगाखाली नुसती झालर लोंबताना दिसते. ते पाणी वाटेतच सुकतं, हवा गार आणि जड होते आणि धपकन खाली कोसळते. यालाच मायक्रोबर्स्ट म्हणतात. डेन्व्हरच्या जुन्या स्टेपलटन विमानतळावर ७ ऑगस्ट १९७५ ला उड्डाण करणारं एक विमान अशाच झोताने खाली आलं, सगळे वाचले. १९८२ मध्ये डेन्व्हरच्या आसपास रडार लावून याचा मोठा अभ्यास झाला, आता मोठ्या विमानतळांसाठी वाऱ्याचा वेग टिपणारं वेगळं डॉपलर रडार असतं. त्यामुळे पायलट घिरट्या घालत बसला तर वैतागू नका, तो शहाणपणा करतोय.

कांदेपोहे७
मग जूनमध्येच सकाळी पोचणारं घेतो की.

डोंगरवाट
मिळालं तर घे! युरोपातून थेट येणारी विमानं इथे दुपारी-संध्याकाळी पोचतात, म्हणजे नेमकी ढगांच्या वेळेला. म्हणून म्हणतो मधला सप्टेंबर ते ऑक्टोबर बघ, ढगांचा जोर ओसरलेला असतो आणि वरचा वारा अजून पेटलेला नसतो. फ्रँकफर्ट किंवा लंडनवरून आण. सॅन फ्रान्सिस्कोवरून आणलंस तर शेवटी रॉकीज ओलांडून लगेच खाली यावं लागतं.

झुणकाभाकर
शेपटाकडची सीट देऊ नका, पंखाजवळची घ्या, तिथे त्यातल्या त्यात कमी जाणवतं. आणि चहा अर्धाच कप मागायचा. माझ्या सासूबाई आधी राम राम करत बसायच्या, मी म्हटलं आई तुम्ही वरंध घाटात एसटीत घोरता, हे त्याच्यापुढे काय! तेव्हापासून पट्टा लावून झोपतात.

कांदेपोहे७
आत्ताच फोन झाला. पितृपक्षात प्रवास नको, नवरात्रात घट बसतात, दसरा झाल्यावरचं बघ म्हणाली. ऑक्टोबरचा शेवट चालेल ना?

डोंगरवाट
चालेल. स्वेटर हातातल्या बॅगेत ठेवायला सांग, तोवर एखादा बर्फ पडून गेलेला असतो.