‘फाशी कायम’, ‘शिक्कामोर्तब’, ‘अपील फेटाळलं’: एकच का?

चकोर : बातम्यांत हे तिन्ही शब्दप्रयोग एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात. कायद्याच्या भाषेत फरक आहे का?

जुनी फाईल : आहे, आणि मोठा आहे. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली की प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवावंच लागतं, आरोपीने काही केलं नाही तरी. ही ‘पुष्टी’, म्हणजे त्या फाशीला उच्च न्यायालयाची मान्यता. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३६६, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ४०७. मुंबई उच्च न्यायालयात याला कन्फर्मेशन केस म्हणून वेगळा क्रमांक पडतो. अपील मात्र आरोपीला स्वतः करावं लागतं, मुदत ३० दिवस (जन्मठेप झाली असती तर ६०). निकालाची प्रत त्याला फुकट मिळते. वकील नसेल तर तुरुंग अधीक्षकामार्फत अपील जातं. मुदत संपेपर्यंत किंवा अपील निकाली निघेपर्यंत पुष्टी देता येत नाही. दोन्ही सहसा एकत्रच ऐकतात, म्हणून पत्रकारांची गल्लत होते.

चकोर : मग पुष्टीत फक्त शिक्षाच तपासतात?

जुनी फाईल : छे! पुरावा मुळापासून तपासतात. मुंबईतल्या २००६ च्या ७/११ रेल्वे स्फोटांच्या खटल्यात पाच जणांची फाशी पुष्टीसाठी आली होती. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने पुष्टी नाकारली आणि बाराही जणांची दोषसिद्धी रद्द केली. त्यावर सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, ते वेगळं.

पानशेत : एक भर. बचाव बहुतेकदा शिक्षेच्या मुद्द्यावर लंगडा पडतो. सगळा जोर ‘गुन्हा केलाच नाही’ यावर, आणि दोषी ठरल्यावर वय, मानसिक स्थिती, तुरुंगातलं वर्तन यांची कागदपत्रंच नसतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या मनोज निकालापासून ही माहिती खटल्याच्याच टप्प्यावर मागवणं अपेक्षित आहे.

चकोर : आणि दयेचा अर्ज? तोही अपीलच ना?

जुनी फाईल : नाही. सर्वोच्च न्यायालयातलं अपील, मग पुनर्विलोकन (त्याच न्यायालयाने आपला निकाल पुन्हा तपासणं; २०१४ पासून फाशीच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींपुढे, खुल्या न्यायालयात), मग क्युरेटिव्ह याचिका (चूक सुधारण्याची शेवटची संधी), हा न्यायालयाचा रस्ता. दयेचा अर्ज राज्यपाल किंवा राष्ट्रपतींकडे. बालहत्यांच्या खटल्यातल्या कोल्हापूरच्या गावित बहिणींची फाशी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली ती दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबामुळे. दोषसिद्धी तशीच राहिली. तिथे ‘निर्दोष’ तर नाहीच, ‘अपील मंजूर’ही लिहू नये. ‘फाशीचं जन्मठेपेत रूपांतर’ एवढंच बरोबर.