मदत हवी आहे: मातीच्या डीएनएवर १६एस पीसीआर (बॅक्टेरिया ओळखायच्या जनुकाच्या प्रती काढणं) लागेना झालाय

नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी खानापूरकडच्या जंगलातली माती आणि निपाणीकडची उसाची काळी माती, दोन्हीतले बॅक्टेरिया मेटाजिनोमिक्सनं (मातीतला सगळा डीएनए एकत्र काढून, वाचून) बघायचे आहेत. काळ्या मातीचं काम झालं, पण जंगलातल्या पालापाचोळ्याच्या मातीचा डीएनए कोऱ्या चहासारखा तांबूस येतोय, २६०/२३० (डीएनएच्या शुद्धतेचं गुणोत्तर) फक्त ०.४, आणि पीसीआरचा बँड (जेलवरची डीएनएची पट्टी) येईना झालाय.

पॉझिटिव्ह कंट्रोल (ज्यावर पीसीआर नक्की लागतो असा डीएनए) व्यवस्थित चालतो. त्यातच या मातीचा १ मायक्रोलीटर अर्क टाकला की तोही बंद, म्हणजे ह्युमिक ॲसिडच (कुजलेल्या पाल्यातलं तांबूस द्रव्य) आडवं येतंय असं मला वाटतं. दहापट पातळ केल्यावर पुसट बँड दिसला, पन्नासपट केल्यावर तोही गेला. बीएसए (अडथळा आणणारी द्रव्यं धरून ठेवणारं प्रथिन) घालून किंचितच फरक. डीएनए काढायचं नवीन किट घ्यायला बजेट नाही, प्रत्येक सँपलची जेमतेम २ ग्रॅम माती उरलीय, उणे २० मध्ये ठेवलीय, आणि पुढं शॉटगन (सगळ्या डीएनएचे तुकडे वाचणं) करायचंय म्हणून डीएनए फार तुटून चालणार नाही.

सर म्हणतात माती आधी बफरनं धुवून घे, पण त्यात सुट्या पेशी वाहून जाऊन बॅक्टेरियांच्या समूहाचं चित्रच बदललं तर काय उपयोग? तर आधी धुवावं की निघालेला डीएनएच पुन्हा शुद्धीकरणाच्या कॉलममधून काढावा, आणि तसं केल्यावर डीएनए साधारण किती हातात राहतो?