‘युरोपियन म्हणजे लेचापेचा’: तुम्ही हे कधी ऐकलंय? कधी म्हटलंय?

पेठेतला टेक्सन

२००३ साली डॅलसला आलो तेव्हा माझं बास्केटबॉल म्हणजे शाळेच्या सिमेंट कोर्टवर फुटलेले गुडघे, बस्स. ऑफिसात शेजारी बसणारा एक गृहस्थ मॅव्हरिक्सचा (एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधली डॅलसची टीम) सीझन तिकीटवाला होता. तिकिटं दोन आणि त्याच्या बायकोला खेळाचा कंटाळा, त्यामुळे वर्षाकाठी चार-पाच वेळा माझी वर्णी लागायची. हा माणूस टीमच्या जर्मन स्टारला, डर्क नोविट्स्कीला, ‘इर्क’ म्हणायचा. ड कुठे गेला विचारलं तर म्हणे, ड म्हणजे डिफेन्स, तो याच्याकडे नाहीच. सात फुटी माणसानं बास्केटखाली धक्काबुक्की करायची सोडून तीन गुणांच्या रेषेबाहेरून फटके मारावेत, मागे कलत एका पायावर शॉट घ्यावा, हे त्याला बघवायचंच नाही. ‘सॉफ्ट जर्मन’ हे दोन शब्द तो एका श्वासात म्हणे.

२००६ च्या फायनलला मायामीविरुद्ध २-० पुढे होतो, नंतर सलग चार हरलो. २००७ ला ६७ सामने जिंकून पहिला नंबर, आणि प्लेऑफच्या (बाद फेऱ्यांच्या) पहिल्याच फेरीत आठव्या नंबरच्या गोल्डन स्टेटकडून घरी. त्या मालिकेच्या शेवटच्या सामन्यात डर्कचे १३ पैकी २च शॉट आत गेले. त्यानंतर काही दिवसांनी त्याला एमव्हीपीची, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी दिली. वरातीमागून घोडं. तो कोट घालून उभा होता आणि चेहरा असा, की कुणाच्या तरी तेराव्याला आलाय.

खोटं कशाला बोलू, तोवर मीही ‘सॉफ्ट’ म्हणायला लागलो होतो. ज्या माणसानं हरल्यावर गोल्डन स्टेटच्या ओकलंडमधल्या स्टेडियममध्ये कचऱ्याचा डबा फेकून भिंतीला भोक पाडलं, त्याला. (ते भोक त्यांनी बुजवलं नाही, पुढे डर्कची त्यावर सही घेतली.)

तर धागा यासाठी. हा शिक्का तुम्ही कुणावर मारलात, तुमच्यावर कुणी मारला, आणि पुढे काय झालं? आकडेवारीपेक्षा अनुभव लिहा.

---

निवांत पाटील

मूळ दोष दिवाचचा. सर्बियाचा व्लादे दिवाच फाउल मिळावा म्हणून धिप्पाड अमेरिकन शॅकसमोर असा पडायचा की वाटावं मागून कुणी सतरंजी ओढली. केबलवर पहाटे सामने बघायचो, वडील पेपर घेऊन मागे उभे. एकदा म्हणाले, “हा खेळाडू आहे का संगीत नाटकातला?” आमच्या घरात तेव्हापासून युरोपियन म्हणजे नाटकी, हे ठरलं. शॅक दीडशे किलोच्या घरातला होता आणि त्याचा कोपर छातीत बसला तर आमचे वडील थेट अंतराळात गेले असते, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

---

कळव्याची कार्टी

मी २००७ ते २०१० लॉस एंजेलिसला. एका फ्लॅटमध्ये चौघी, टीव्ही एकच, आणि त्यावर तिथली टीम लेकर्स. फेब्रुवारी २००८ मध्ये टीममध्ये स्पेनचा पाऊ गॅसोल आला तेव्हा घरात दिवाळी. जूनमध्ये फायनलचा शेवटचा सामना बॉस्टननं ३९ गुणांनी मारला आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे ‘गॅसॉफ्ट’. कपडे धुवायला खाली गेले तर तिथला म्हातारा रखवालदारसुद्धा तेच म्हणतोय. अख्खी टीम ३९ नं हरली, पण सॉफ्ट एकटा तो.

मला हे फार ओळखीचं वाटलं. गॅसोल बार्सिलोनाचा, खेळात येण्याआधी डॉक्टरकीला प्रवेश घेतलेला, हळू बोलणारा, पंचांशी शांतपणे बोलणारा. माझा थोरला भाऊ असाच. शाळेत कबड्डीला उत्तम पकड करायचा, पण चष्मा आणि मराठी शुद्ध, त्यामुळे आयुष्यभर ‘भटजी’. माणूस शिव्या देत नाही म्हणजे अंगात पाणी नाही, हे समीकरण कॅलिफोर्नियात जन्मलेलं नाही.

त्याच उन्हाळ्यात बीजिंग ऑलिम्पिकला अमेरिका विरुद्ध स्पेन. सुरुवातीलाच गॅसोल स्क्रीन लावून (अंगानं वाट अडवून) उभा, आणि लेकर्सच्याच कोबी ब्रायंटनं वळसा न घालता सरळ त्याच्या छातीतून जायचा प्रयत्न केला. रोज शेजारी कपडे बदलणारा मित्र! आम्ही चौघी किंचाळलो. गॅसोल पडला, उठला आणि पुढच्या मोसमात त्याच कोबीला स्क्रीन लावायला हजर.

२०१० च्या फायनलचा सातवा सामना मी अख्खा उभ्यानं पाहिला. पुन्हा बॉस्टन. कोबीचे २४ पैकी ६च शॉट आत गेले. कुणाचंच काही जात नव्हतं, सामना म्हणजे नुसती झोंबाझोंबी. ८३-७९ नं जिंकलो. गॅसोलचे १९ गुण, १८ रिबाउंड, त्यातले ९ आपल्याच टीमचे चुकलेले शॉट परत मिळवलेले. ज्यांनी खेळलंय त्यांना कळेल, नऊ ऑफेन्सिव्ह रिबाउंड हातानं मिळत नाहीत, पार्श्वभागानं मिळतात. मागच्याला ढकलून जागा धरायची, मग उडी.

रखवालदाराला मुद्दाम जाऊन विचारलं. म्हणाला, “हो, पण कोबीनं त्याला घडवलं.”

---

ह्यूस्टनवाले काका

कार्टीताई, तुमचा रखवालदार आमच्याकडेही होता. यावेळी चिनी आवृत्ती.

याओ मिंग २००२ ला एनबीएच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिल्या नंबरवर आमच्या ह्यूस्टनकडून निवडला गेला. टीव्हीवर माजी खेळाडू चार्ल्स बार्कलीनं छातीठोकपणे सांगितलं, हा एका सामन्यात १९ गुण करणार नाही, केले तर सहकाऱ्याच्या ढुंगणाचा मुका घेईन. याओनं लवकरच लेकर्सविरुद्ध २० केले आणि बार्कलीला भर स्टुडिओत गाढवाचा मुका घ्यावा लागला. त्या रात्री आमच्या गणेश मंडळाच्या मीटिंगमध्ये दुसरा विषयच नाही.

पण मला आठवतो तो मे २००९, लेकर्सविरुद्ध पहिला सामना. शेवटच्या काही मिनिटांत कोबीचा आणि त्याचा गुडघा आपटला. त्याला आत न्यायला लागले. बोगद्याच्या तोंडाशी तो थांबला, मान हलवली, ट्रेनरचं ऐकेना आणि लंगडत परत आला. २८ गुण करून सामना जिंकून दिला. त्याच मालिकेत तिसऱ्या सामन्यानंतर कळलं की डाव्या पायाचं हाड मोडलंय. पायांनीच त्याचं करियर संपवलं, २०११ ला निवृत्ती.

आमच्यातले एक जण तरी म्हणालेच, “बघा, नाजूकच निघाला.” सव्वादोन मीटरच्या वरचा माणूस, एनबीएचा मोसम संपला की उन्हाळ्यात देशासाठी खेळायचा, सुट्टी नाही. हाड मोडणं आणि माणूस मऊ असणं या दोन गोष्टी आपण एकाच पातेल्यात का शिजवतो कळत नाही.

---

डेक्कनची सेंटर

मी पुण्यात शाळा-कॉलेजभर खेळले, पाच फूट नऊ, म्हणून सेंटर, म्हणजे बास्केटखालची उंच खेळाडू. नोकरीनिमित्त जर्मनीत बायर्नमधल्या एका छोट्या गावात गेले. हौशी क्लब, महिलांची जिल्हा लीग, म्हणजे जर्मन बास्केटबॉलच्या उतरंडीतलं जवळपास तळाचं मडकं. मनात म्हटलं, आपण सहज खेळू.

पहिल्या सामन्यात माझ्यासमोर पन्नाशीची बाई. चष्म्याला मागून इलॅस्टिक, केस पांढरे, गुडघ्याला पट्टा. मी बास्केटकडे तोंड करायच्या आत तिनं कमरेनं मला अशी दीड पाऊल सरकवली की बॉल आला तेव्हा मी बोर्डच्या मागे होते. पंच गप्प. तिसऱ्या वेळी तिचा कोपर बरगडीत. पंच तरीही गप्प. मध्यंतरात मी तक्रार केली तर आमची कोच म्हणाली, तिनं तुला मारलं नाही, ती आधीच तिथे होती, तू तिच्यावर गेलीस. त्यानंतर तीन आठवडे शिंक आली की डोळ्यांत पाणी.

आता तांत्रिक, कंटाळा आला तर सोडून द्या. आंतरराष्ट्रीय नियमांत बचाव करणारी बास्केटखालच्या चौकटीत कितीही वेळ उभी राहू शकते. एनबीएत अंगावर कुणी नसेल तर तीन सेकंदांत बाहेर पडावं लागतं. तिथे मैदान थोडं मोठं, तीनची रेषा जास्त लांब, सामना ४० ऐवजी ४८ मिनिटं. म्हणजे आत घुसायला जागा एनबीएत जास्त. स्लोव्हेनियाच्या लुका डॉन्चिचनं गुण करणं युरोपपेक्षा एनबीएत सोपं आहे असं सांगितलं तेव्हा अमेरिकेत लोक खवळले. मला हसू आलं. माझी बरगडी त्याच्या बाजूनं साक्ष देईल. आणि तो पोरगा सोळाव्या वर्षी रेआल माद्रिदच्या मोठ्या टीममध्ये बाप्यांबरोबर खेळत होता.

अवांतर: ती बाई नंतर माझी चांगली मैत्रीण झाली. निवृत्त परिचारिका आहे. अजून खेळते.

---

नागपाडा रिटर्न

माझं थोडक्यात. मी नागपाड्याच्या कोर्टवर वाढलो. तिथे हाडाचा आवाज येईपर्यंत शिट्टी वाजत नाही. शिकागोला शिकायला आलो, विद्यापीठाच्या जिममध्ये खेळायला गेलो. पिकअपमध्ये, म्हणजे पंचांशिवायच्या हौशी खेळात, फाउल ज्याचा त्यानं पुकारायचा असतो. मनगटावर खणखणीत फटका बसला, मी पुकारला, आणि पाच जण एकसुरात “सॉफ्ट!” तोच फटका समोरच्याला बसला तर निमूट बॉल दिला जाई. दोन महिने मी फाउल पुकारणं बंद केलं. मग माझं कौतुक व्हायला लागलं, की हा बाकीच्या इंडियन्ससारखा नाही. ते जास्त लागलं.

एनबीएतल्या अर्जेंटिनाच्या मनू जिनोबिलीलाही नाटकी म्हणायचे. २००९ ला भर सामन्यात वटवाघूळ शिरलं तेव्हा सगळे बाजूला झाले आणि यानं उघड्या हातानं ते हवेतच पाडलं. मग रेबीजची इंजेक्शनं घेतली. एवढंच सांगायचं होतं.

---

उलटं बोलणारा

सगळे एकाच बाजूनं लिहितायत म्हणून.

शिक्का पूर्ण हवेतून आला नव्हता. २००३ च्या ड्राफ्टमध्ये डेट्रॉइटनं दुसऱ्या नंबरवर सर्बियाचा डार्को मिलिचिच घेतला, पुढे स्टार झालेल्या कार्मेलो अँथनी, बॉश आणि वेडच्या आधी. तो चालला नाही. मी तेव्हा मिशिगनला होतो. निकाल लागलेल्या सामन्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत त्याला आत सोडायचे आणि लोक टाळ्या वाजवायचे, चेष्टेच्या. मीही वाजवल्या आहेत. अठरा वर्षांचा पोरगा होता. पण हेही खरं, की त्या काळात टीम परदेशी उंच पोरं व्हिडिओ बघून आंधळेपणानं घ्यायच्या, आणि एक फसला की पुढच्या दहांची नावं खराब.

दुसरं म्हणजे ‘परदेशी’ हा शब्द या धाग्यात फार सैल वापरला जातोय. हकीम ओलाजुवान लागोसचा, डिकेम्बे मुटोम्बो काँगोचा. त्यांना कुणी सॉफ्ट म्हटल्याचं ऐकलंय? आफ्रिकेतून आलेल्याला ‘कच्चा’ म्हणायचं, युरोपातून आलेल्याला ‘मऊ’. न्यूझीलंडच्या स्टीव्हन ॲडम्सला तर सगळे राक्षस म्हणतात. हा शिक्का पासपोर्टचा नाहीये, माणूस कसा दिसतो आणि लांबून शॉट मारतो का, त्याचा आहे. क्रिस बॉश टेक्ससचा, अस्सल अमेरिकन. लांबून मारायचा, त्यालाही म्हणालेच.

आणि द्राझेन पेट्रोविच? क्रोएशियाचा. १९९२-९३ च्या मोसमात सामन्याला २२ च्या वर गुण, डोळ्यांत अंगार. मोसम संपल्यावर जूनमध्ये जर्मनीत मोटार अपघातात गेला, अठ्ठाविसाव्या वर्षी. त्याला मऊ म्हणायची कुणाची छाती नव्हती. तो आणखी दहा वर्षं खेळता तर हा धागा निघालाच नसता, असं आपलं मला वाटतं.

---

डेन्व्हरची सूनबाई

सासूबाई कोल्हापूरच्या, माहेर तालीमवाल्यांचं. २०२३ च्या उन्हाळ्यात आल्या होत्या, तेव्हा गावात आमच्या डेन्व्हरच्या टीमचं, नगेट्सचं वारं. नाइलाजानं आमच्याबरोबर टीव्हीसमोर बसल्या. नगेट्सचा योकिच दिसल्यावर मी सांगितलं, “आई, हा सर्बियाचा, ४१ व्या नंबरवर निवडला होता, फार उडी मारत नाही, जाड आहे म्हणून हसायचे सगळे.”

त्या पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अगं, ह्याच्या पायाकडं बघ की. ह्यो उडतोय कशाला? समोरच्याचं वजन ज्या पायावर हाय, त्याच बाजूला खांदा लावतोय. आमचे अण्णा असंच करायचे. पोट सुटलेलं, पर पंचविशीची पोरं पाठीवर पाडायचे.”

मग मीही नीट बघायला लागले. आणि त्याचे हात! दंडापासून मनगटापर्यंत ओरखडे, लाल, काही जुने काही ताजे, मांजरांच्या पोत्यात हात घातल्यासारखे. प्रत्येक सामन्यात समोरच्यांच्या नखांचे ओरखडे सोसतो आणि पंचांकडे बघून फक्त हात पसरतो. जिंकल्यावर त्याला मिरवणूक नको होती, घरी सोम्बोरला घोड्यांच्या शर्यतीला जायचं होतं. सासूबाईंना हे सर्वांत पटलं. “घोडी कुठल्या जातीची?” याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

---

पेठेतला टेक्सन

सगळ्यांचे आभार. उलटं बोलणारे, तुमचा ‘कच्चा’ आणि ‘मऊ’चा मुद्दा डोक्यात राहिला.

माझी गोष्ट अर्धी होती. २०११ ची फायनल, पुन्हा मायामी. पहिल्याच सामन्यात डर्कच्या डाव्या मधल्या बोटाचा स्नायुबंध तुटला. दुसऱ्या सामन्यात सात मिनिटं उरली असताना आम्ही १५ नं मागे, ऑफिसातला तो शेजारी टीव्ही बंद करून झोपला. शेवटचे नऊ गुण डर्कचे, जिंकून देणारा शॉट त्याच डाव्या हातानं. चौथ्या सामन्यात १०१ ताप, बाकावर टॉवेलात डोकं खुपसून बसलेला, तरी २१ गुण. मायामीच्या लेब्रॉन आणि वेडनं कॅमेऱ्यासमोर त्याची खोकून नक्कल केली. १२ जूनला आम्ही जिंकलो. शेवटची शिट्टी व्हायच्या सुमारास तो टेबलावरून उडी मारून आत पळाला, रडायला.

सोमवारी शेजारी ऑफिसात टोपी घालून आला. म्हणाला, “मी पहिल्यापासून सांगत होतो.” मी ‘इर्क’ची आठवण करून दिली, तर त्याला खरोखरच आठवेना.

२०१८ ला आमच्याकडे लुका आला. शेजारी तोवर रिटायर झाला होता, पण फोन आलाच: “जाड आहे, धावत नाही, युरोपात चालेल.” २०२५ च्या फेब्रुवारीत टीमनं लुकाला लेकर्सला देऊन टाकलं, तेव्हा हाच माणूस एकाहत्तराव्या वर्षी हातात पुठ्ठ्याचा फलक घेऊन स्टेडियमबाहेर उभा होता. डर्कच्या पुतळ्याखाली. फोटो पाठवलाय मला. फलकावरचं इथे लिहिता येण्यासारखं नाही.