‘एडीसी वेगवान घ्या, फिल्टर नंतर बघू’ म्हणणाऱ्यांसाठी

बेसबँडवाला (धागा)
काल ‘सोळाबिट’ यांनी लिहिलं: "रिसीव्हरमध्ये अ‍ॅक्टिव्ह फिल्टर घालत बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं. वेगवान एडीसी घ्या, सगळी चाळणी डिजिटलमध्ये करा." (एडीसी म्हणजे अ‍ॅनालॉग सिग्नलचे आकडे करणारी चिप; अ‍ॅक्टिव्ह फिल्टर म्हणजे तिच्याआधी नको त्या फ्रिक्वेन्सी गाळणारं, ऑपअँप या अ‍ॅम्प्लिफायर चिपवर बनवलेलं सर्किट.) खाली चार जणांनी माना डोलावल्या. मला राहवलं नाही, कारण नवी मुलं असलंच वाचून ब्लॉक डायग्राममधला फिल्टरचा चौकोन पुसून टाकतात.

एकच हिशोब मांडतो. जीएसएम ९०० च्या हँडसेटने उणे ९९ डीबीएमचा (१ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये) सिग्नल पकडायचा असतो, आणि त्याच वेळी ३ मेगाहर्ट्झ पलीकडे उणे २३ डीबीएमचा ब्लॉकर (नको असलेला जोरकस सिग्नल) ठाण मांडून असतो. फरक ७६ डीबी. क्वांटायझेशन नॉइज (आकड्यांत गोल करताना होणारी चूक) हव्या सिग्नलखाली दाबायला आणखी २० धरा. झाले ९६, म्हणजे एका बिटाला ६ डीबी धरून १६ बिट, आणि तेही खरे, डेटाशीटच्या पहिल्या पानावरचे नव्हेत. उलट ३०० किलोहर्ट्झला कापणारा दुसऱ्या क्रमाचा बटरवर्थ (सपाट वक्राचा फिल्टर) ३ मेगाहर्ट्झला ४० डीबी खातो. एक ऑपअँप, दोन रेझिस्टर, दोन कपॅसिटर, आणि साडेसहा बिटांचं ओझं उतरलं!

आणि सॅम्पलिंगमुळे वरच्या फ्रिक्वेन्सीवरून खाली फोल्ड होऊन चॅनेलवरच येऊन बसलेला कचरा डिजिटल फिल्टर कसा ओळखणार? त्याच्या लेखी तो हवा तोच सिग्नल असतो.

सोळाबिट
हिशोब अर्धवट आहे. २०० किलोहर्ट्झच्या चॅनेलला आय आणि क्यू (रिसीव्हरच्या दोन समांतर वाटा) प्रत्येकी १०० किलोहर्ट्झ. २० एमएसपीएसने (सेकंदाला २ कोटी सॅम्पल) सॅम्पल केलं तर ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे गरजेपेक्षा जास्त सॅम्पल, १०० पट, म्हणजे २० डीबी तिथेच परत मिळाले. तुमचे १६ बिट तेरावर आले. ते का लिहिलं नाहीत?

दुसरं, एलटीईत (४जी) चॅनेल १.४ पासून २० मेगाहर्ट्झपर्यंत बदलतं. डिजिटलमध्ये मी गुणांक बदलतो, काम झालं. तुमच्या चिपवरचा आरसी (रेझिस्टर आणि कपॅसिटरचा गुणाकार) चिप बनवण्याच्या प्रोसेस आणि तापमानासोबत २०-३० टक्के हलतो, मग कपॅसिटर बँक, मग कॅलिब्रेशन. शिवाय कंटिन्युअस-टाइम सिग्मा-डेल्टा जातीचा एडीसी घेतला की अँटी-अलायझिंग (फोल्ड होणं रोखणं) आपोआप मिळतं. तुमच्या दोन कपॅसिटरांचं कौतुक कशाला?

बेसबँडवाला
२० डीबी धरायचे राहिले, चूक माझी. पण ते क्वांटायझेशन नॉइजपुरते. ब्लॉकरने एडीसी क्लिप झाला, म्हणजे त्याची मर्यादा ओलांडली गेली, तर ओव्हरसॅम्पलिंग काही करत नाही.

आणि सिग्मा-डेल्टातलं ते ‘आपोआप’ येतं कुठून? लूप फिल्टरमधून, म्हणजे त्याच्या आतल्या अ‍ॅनालॉग फिल्टरमधून. तो बनतो अ‍ॅक्टिव्ह-आरसी नाहीतर जीएम-सी (ट्रान्सकंडक्टर आणि कपॅसिटर) इंटिग्रेटरांचा. तुम्ही ज्याला वेळ वाया घालवणं म्हणता तेच एडीसीच्या पोटात बसलंय, फक्त डिझाइन दुसऱ्याने केलंय.

लॅबमधला
दोघंही कागदावर भांडताय. माझ्यावर ओढवलेलं सांगतो. १ मेगाहर्ट्झ कटऑफ, चौथ्या क्रमाचा बटरवर्थ, दोन सॅलन-की टप्पे (एका ऑपअँपची फिल्टर रचना), एडीसी ४० एमएसपीएसला. सिम्युलेशनमध्ये १० मेगाहर्ट्झलाच ८० डीबी, पुढे तर बघायलाच नको. बोर्ड आला आणि बेसबँडमध्ये (हव्या सिग्नलच्या कमी फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात) ४०० किलोहर्ट्झला एक टोन. तीन आठवडे सॉफ्टवेअरवाल्यांशी भांडलो. शेवटी कळलं की शेजारच्या सर्किटचा ३९.६ मेगाहर्ट्झचा हार्मोनिक फिल्टरमधून आरामात जात होता आणि फोल्ड होत होता. फिल्टरचा वक्र वरच्या फ्रिक्वेन्सीला पुन्हा चढलेला! तेव्हापासून रिसीव्हरमध्ये सॅलन-की दिसला की मी सही करत नाही.

शून्यध्रुव
सॅलन-कीला कशाला झोडपता? सॅलन आणि की यांनी ते १९५५ साली मांडलं, व्हॅक्यूम ट्यूबच्या काळात, कमी फ्रिक्वेन्सीला जाडजूड इंडक्टर टाळायला. तुम्ही आदर्श ऑपअँपचं मॉडेल टाकून ४० मेगाहर्ट्झचा निकाल वाचलात. लूप गेन (फीडबॅकची ताकद) संपला की ऑपअँपचा आउटपुट इंपीडन्स वाढतो, आणि फीडबॅकचा कपॅसिटर सिग्नल थेट आउटपुटवर नेऊन सोडतो. हे माहीत नसेल तर दोष डिझाइनरचा. की प्रोबची लांब ग्राउंड वायर लावून मोजलंत?

लॅबमधला
प्रोब नव्हता. नेटवर्क अ‍ॅनालायझर, बोर्डवर सोल्डर केलेले कनेक्टर. फीडबॅक कपॅसिटरचं ऑपअँपकडचं टोक उचलून ग्राउंडला टेकवलं. क्यू (टप्प्याच्या रेझोनन्सची धार; वरचा आय-क्यू वेगळा) अर्थातच गेला, पण वरच्या टोकाचा वक्र तिथल्या तिथे खाली बसला. वाट तीच होती हे मी हाताने सिद्ध केलंय. दोष माझा, हे त्याच आठवड्यात मान्य केलं होतं, इथे तुमच्याकडून ऐकायची गरज नव्हती.

शून्यध्रुव
मोजणी चोख आहे, प्रोबचा शब्द मागे. निष्कर्ष तरीही मान्य नाही. टप्प्याआधी साधा आरसी पोल (एक रेझिस्टर, एक कपॅसिटर) द्या, किंवा तो टप्पा मल्टिपल फीडबॅक या दुसऱ्या रचनेने करा. त्यात पहिल्याच नोडवर कपॅसिटर ग्राउंडला असतो, त्यामुळे ही चोरवाट बरीच बंद होते.

बेसबँडवाला
आरसी आधी लावलात तर त्या रेझिस्टरचा थर्मल नॉइज मोजा, आणि तो पुढच्या टप्प्याचा सोर्स रेझिस्टन्स बनून क्यू हलवतो तेही. तिसऱ्या क्रमाचा टप्पा म्हणून एकत्रच सोडवावं लागतं. चौथ्या क्रमाच्या बटरवर्थचे क्यू ०.५४ आणि १.३१. समान रेझिस्टर, युनिटी गेन घेतला तर दुसऱ्या टप्प्यात कपॅसिटरांचं गुणोत्तर चार क्यू-वर्ग, म्हणजे ६.९ च्या आसपास. ब्लॉकर मोठा असेल तर हा टप्पा शेवटी ठेवा, आधी ठेवलात तर कटऑफजवळच्या उंचवट्यावर पहिला तोच क्लिप होईल.

सोळाबिट
मूळ मुद्दा सोडून सगळे सॅलन-कीवर आलात. तरी लॅबमधल्यांचा ३९.६ वाला किस्सा मला डिजिटलमध्ये सोडवता येत नाही, हे कबूल. ४० एमएसपीएसच्या जागी ८० घेतले असते तर तो टोन ३९.६ लाच, नायक्विस्टच्या (सॅम्पलिंगच्या निम्म्या फ्रिक्वेन्सीच्या) आत दिसला असता आणि मी तो काढला असता.

लॅबमधला
आणि ७९.२ वर काही असतं तर? तोच हार्मोनिकवाला क्लॉक होता. पुढच्या आवृत्तीत मी पहिला टप्पा मल्टिपल फीडबॅकचा केला, एडीसीच्या पायाशी एक आरसी दिला, आणि सॅम्पलिंग ४० लाच ठेवलं. टोन गेला.