७ आयर्नचा टेकअवे आत ओढला जातोय, सुरुवात नक्की कशाने करायची?

घोडबंदर_ओपनर

नमस्कार मंडळी. ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, वय पन्नाशीच्या जरा अलीकडे. कॉलेजपासून ऑफिस लीगपर्यंत ओपनिंग केलं. गुडघ्याने राजीनामा दिला तेव्हा क्रिकेट सुटलं आणि ऑफिसातल्या एका सिनिअरच्या नादाने गोल्फ लागलं. आता रविवारी उजाडायच्या आत निघायचं, ऐरोलीवरून ठाणे-बेलापूर रोड पकडायचा आणि खारघरला सिडकोच्या कोर्सवर जायचं, असा नेम झालाय. बायको म्हणते, एवढ्या लवकर तू लग्नाच्या मुहूर्तालाही उठला नव्हतास.

मुद्द्यावर येतो. माझा सगळा घोळ टेकअवेत, म्हणजे क्लब मागे नेतानाच्या (बॅकस्विंगच्या) पहिल्या दोन फुटांत आहे. मुलाने मागून व्हिडिओ काढला. सेट-अप, म्हणजे बॉलसमोर उभं राहणं, बरं दिसतं. पण क्लब हलला रे हलला की मनगटं वळतात, क्लबहेड उजव्या पायाच्या मागे जातं आणि फेस, म्हणजे बॉलला लागणारी बाजू, आभाळाकडे बघायला लागतो. हात कमरेपर्यंत येईस्तोवर शाफ्ट (क्लबची दांडी) जवळजवळ पाठीमागे गेलेला असतो. तिथून पुढे जागाच उरत नाही, म्हणून क्लब सरळ वर उचलला जातो आणि खाली येताना उजवा खांदा पुढे घुसतो. मग आयर्नने (मधल्या पल्ल्याच्या क्लबने) मारलेला बॉल डावीकडे खेचला जातो, ड्रायव्हरने (लांब पल्ल्याच्या क्लबने) मारलेला उजवीकडे वळत वळत शेजारच्या फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर. तिथल्या लोकांशी आता चांगली ओळख झाली आहे.

एका प्रोने (गोल्फ शिकवणाऱ्याने) सांगितलं, "इनसाइडने मारा, उजवं कोपर बरगडीला चिकटवून ठेवा." इनसाइड म्हणजे शरीराच्या बाजूने. यूट्यूबवर एक म्हणतो क्लब सरळ मागे न्या, दुसरा म्हणतो लगेच मनगट मोडा. बॉलसमोर उभा राहिलो की हे सगळे एकदम बोलायला लागतात, हात आखडतात आणि क्लब झटक्याने सुटतो.

एवढंच सांगा की सुरुवात हातांनी करायची, खांद्यांनी की कमरेने? आणि पावसामुळे रेंजवर (सरावाच्या मैदानावर) जाणं कमी झालंय, तर घरी काही करता येईल का? टूबीएचके आहे, हॉलमधला पंखा बराच खाली आहे.

नेरुळ_बोगी

पहिलं काम म्हणजे पंखा बंद करा. आमच्या सोसायटीत एकाने वेजने (छोट्या फटक्याच्या क्लबने) झुंबर खाली आणलंय.

बाकी जाणकार सांगतीलच. ग्रिपचा एक फोटो टाका, उजवा हात फार वरून बसत असेल तर मनगट वळणारच.

सुभेदार_कळंबोली

राम राम ओपनर साहेब. फौजेत होतो, छावणीच्या कोर्सवर साहेब लोकांच्या बॅगा उचलता उचलता खेळ शिकलो. आता पोराकडे कळंबोलीला असतो आणि सकाळी जमेल तेव्हा नवीन गड्यांचे स्विंग बघत उभा राहतो. तुमच्यासारखा टेकअवे मी रोज बघतो.

तुमच्या प्रोने सांगितलं ते खोटं नाही, पण ते खाली येतानाचं आहे. इनसाइडने मारायचं म्हणून लोक इनसाइडनेच मागे नेतात, आणि तिथेच गणित उलटं होतं. क्लब आधीच पाठीमागे अडकला की वरून बॉलकडे यायला एकच वाट उरते, ती बाहेरून. तुम्ही खांदा मुद्दाम पुढे घालत नाही, शरीर बिचारं वाट शोधतंय.

तुम्ही क्रिकेटवाले, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. बॉलपासून टार्गेटची रेषा मागे वाढवा. त्या रेषेवर कीपर उभा आहे. क्लबहेड सुरुवातीला त्या कीपरकडे जाऊ द्या. तुमचं जातंय लेग स्लिपकडे. गलीकडेही नको, तिकडे गेलं म्हणजे हात शरीर सोडून एकटेच निघाले.

आता कशाने सुरू करायचं. छातीने. दोन खांदे आणि हात मिळून जो त्रिकोण होतो तो अख्खा एकदम वळवायचा. पहिल्या दीड फुटात मनगटांना रजा. डावा खांदा हनुवटीखाली यायला निघाला की क्लब आपोआप मागे जातो, तो वेगळा न्यावा लागत नाही. उजवं कोपर बरगडीला चिकटवलंत तर हात वळवल्याशिवाय क्लब हलणारच नाही, म्हणून ते सोडा. कोपर सैल राहू दे.

घरी करायचं ते असं. फरशीचा सांधा ही तुमची टार्गेट लाइन. बॉल सांध्यावर ठेवा, दोन्ही बुटांची टोकं त्याला समांतर रेषेत. ७ आयर्नच्या डोक्याला जुना मोजा घाला, नाहीतर फरशीवर ओरखडा पडला की घरातून परवानगी रद्द. क्लबहेडच्या मागे, अगदी चिकटून, दुसरा बॉल ठेवा. आता छाती वळवून तो मागचा बॉल हळूच ढकला. तो सांध्यावरून सरळ घरंगळत गेला तर काम झालं. तुमच्या पायांमागे सोफ्याखाली गेला तर तुम्ही आत ओढलंत. आणि बॉल जागेवरच राहून क्लब त्याच्यावरून उडाला तर मनगटाने उचललात. सोफ्याखालून बॉल काढायला वाकावं लागतं, तेवढी शिक्षा पुरे.

एक ध्यानात ठेवा, सांधा सरळ असला तरी स्विंग गोल आहे. क्लबहेड अर्धा-पाऊण फूट सांध्यावर दिसेल, मग हलकं आत यायला लागेल. ते अडवू नका. जबरदस्तीने सरळ मागे नेत राहिलात की हात छातीपासून सुटतात.

शाफ्ट जमिनीला समांतर झाला की थांबा आणि बघा. तो सांध्यालाही समांतर हवा. मागून बघणाऱ्याला क्लबहेडच्या आड तुमचे हात झाकलेले दिसले पाहिजेत. पंख्याची भीती नाही, एवढं सगळं कमरेखालीच होतं.

आणि पोराने मोबाइल कुठे धरला होता? हातांच्या उंचीवर, हातांच्या रेषेत, टार्गेटकडे तोंड करून धरायला सांगा. दोन पावलं इकडे-तिकडे झाला तर चांगला टेकअवेही वाकडा दिसतो.

हात आखडतात त्याचं कारण वेगळं. तुम्ही पुतळा होऊन उभे राहता आणि पुतळ्यातून एकदम स्विंग काढायला बघता. आधी काहीतरी हलतं ठेवा. जुने दिग्गज गोल्फर बघा. गॅरी प्लेयर उजवा गुडघा किंचित आत दाबून निघायचा. जॅक निक्लॉस ग्रिप जरा दाबायचा, हनुवटी उजवीकडे वळवायचा आणि त्यातूनच स्विंग सुरू व्हायचा. शिवाय तो क्लब जमिनीवर टेकवायचा नाही, केसभर वर धरायचा. आपल्याकडे पावसाळ्यात हे फार कामाचं. गवत वाढलेलं, ओलं. टेकवलेला क्लब निघतानाच गवतात अडकतो आणि फेस फिरतो. रफमध्ये (फेअरवेबाहेरच्या वाढलेल्या गवतात) टेकवताना बॉल हलला तर एक स्ट्रोकचा दंडही बसतो आणि बॉल मूळ जागी ठेवावा लागतो.

येऊरचा_वाटसरू

सुभेदार साहेबांचा मान राखून दोन गोष्टी. जुना दिग्गज गोल्फर बेन होगन म्हणायचा की आधी हात, मग बाहू, मग खांदे, तेही जवळजवळ एकाच वेळी. म्हणजे छातीनेच सुरू करायचं हा काही शिलालेख नाही. आणि अमेरिकन गोल्फर जिम फ्युरिकचा स्विंग बघा. क्लब बाहेरून वर जातो, वर वळसा घेतो आणि कुठूनतरी खाली येतो. तरी 2003 चा यूएस ओपन त्याचा, आणि 2016 मध्ये पीजीए टूरवर (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांत) एका राउंडमध्ये, म्हणजे 18 होलमध्ये, फक्त 58 स्ट्रोक. टेकअवेचा एवढा बाऊ कशाला? बॉलला लागताना फेस कुठे बघतो ते महत्त्वाचं.

सुभेदार_कळंबोली

बरोबर आहे, पण फ्युरिक वर गेल्यावर क्लब परत वाटेवर आणतो, दर वेळी, तसाच. आयुष्यभर तेच केलंय त्याने. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्या माणसाने मागे चूक करायची आणि खाली येताना दुरुस्त करायची म्हणजे दोन कामं झाली. होगनचंही तेच. तो बॉलसमोर उभं राहून वॅगल करत करत, म्हणजे क्लब हलका मागे-पुढे हलवत, हात तयार करायचा. ओपनर साहेबांच्या हातांना आधीच काम जास्त झालंय, त्यांना आणखी नको.

पामबीच_पार३

मी वाशीला असते, फिजिओ आहे, हँडिकॅप (खेळाच्या पातळीचा आकडा) सांगण्यासारखा नाही. छाती वळवा म्हटलं की दिवसभर खुर्चीत बसणारे बरेच जण छाती न वळवता नुसते हात आडवे नेतात, कारण पाठीचा मधला भाग आखडलेला असतो. ओपनर, खुर्चीत बसून गुडघे समोर ठेवा, हात छातीवर घडी करा आणि उजवीकडे वळून बघा. जेमतेम वळत असाल तर आधी तिथे काम करा, नाहीतर फरशीच्या सांध्यावरचा सराव फुकट.

आणखी एक. ७ आयर्न खाली शाफ्टवर धरून ग्रिपचं टोक बेंबीला टेकवा आणि वळा. हात उजव्या मांडीच्या पुढे जाईपर्यंत टोक बेंबीवरून सुटता कामा नये. हात एकटे निघाले की पोटाला लगेच कळतं.

घोडबंदर_ओपनर

सगळ्यांचे आभार. कीपर आणि लेग स्लिपवालं डोक्यात फिट्ट बसलं. बॉल आता बहुतेक वेळा सांध्यावरून जातोय, सोफ्याखाली कमी. खुर्चीत वळून बघितलं, डावीकडे ठीक, उजवीकडे मात्र दाराच्या कडीपर्यंतही नजर जात नाही.

पण नवीनच भानगड. शाफ्ट समांतर झाल्यावर बघतो तर फेस जमिनीकडे वाकलाय. आधी आभाळ बघायचा, आता फरशी. हे चालेल का?

सुभेदार_कळंबोली

नाही चालणार. तुम्ही आता फेस बॉलकडे धरून ठेवताय, भीतीपोटी. मनगटांना रजा म्हणजे कुलूप नव्हे. छाती वळली की फेसही तिच्याबरोबर वळला पाहिजे. समांतर झाल्यावर टो (क्लबहेडचं पुढचं टोक) बहुतेक वर हवा, जरासा बॉलकडे झुकलेला. किती झुकलेला? बॉलसमोर उभे असताना तुमची पाठ जेवढी झुकते तेवढा. आरशासमोर उभे राहा, पाठ आणि फेसची खालची कड एका कलात आली की झालं.

ग्रिप किती घट्ट धरताय तेही बघा. टाइल्सवर बॉल ढकलताना जेवढी सैल असते तेवढीच कोर्सवर ठेवा. माणूस घरी निवांत धरतो आणि पहिल्या टीवर (पहिला फटका मारायच्या जागी) चार लोक बघायला लागले की आवळतो.

नेरुळ_बोगी

पहिल्या टीवर चार लोक असले की मी माझं नावसुद्धा विसरतो.

सुभेदार, रेंजवर गेल्यावर हे कसं न्यायचं? बॉल मारायचा म्हटला की सगळं परत जैसे थे.

सुभेदार_कळंबोली

मॅटवर मागचा बॉल ठेवा, तो ढकला, समांतरपर्यंत जा, थांबा. परत या आणि मग न थांबता स्विंग करा, पण हात खांद्याच्या वर न नेता. बॉल शंभर यार्डही गेला नाही तरी चालेल. बॉलची अर्धी बकेट अशीच जाऊ दे. मग अलाइनमेंट स्टिक (दिशा दाखवणारी काठी) टार्गेट लाइनवर ठेवून पूर्ण स्विंग, तेही ७ आयर्ननेच. मागे जाताना घाई नको. मागे जायला जेवढा वेळ, त्याच्या साधारण एक तृतीयांशात क्लब खाली येतो, त्यामुळे सुरुवातीला सावकाश गेलात म्हणून ताकद कमी होत नाही.

ओपनर साहेब, ड्रायव्हर गाडीतच ठेवा. शेजारच्या फेअरवेवरच्या लोकांना काही दिवस तुमची आठवण येऊ दे. पुढचा व्हिडिओ टाकाल तेव्हा कॅमेरा हातांच्या उंचीवर.