'निज श्रावण' यातला 'निज' कोणता?

प्रश्न (हर्णै): 2023 मध्ये 1 ऑगस्टलाही श्रावणातलीच पौर्णिमा होती. मासेमारीची बंदी 31 जुलैला उठली होती. तरी आमच्या वाड्यातल्या म्हाताऱ्यांनी दर्याला नारळ वाहिला तो 30 ऑगस्टला, 'निज श्रावण' आहे म्हणून. पुतणी विचारते, महिना निजतो का? हा निज झोपेचा नसणार, मग कुठला?

उत्तर (गुहागर): निजधाम, निजरूप यांतला. निज म्हणजे स्वतःचा, खरा. झोपेची ती नीज, दीर्घ.

उत्तर (मालवण): ताई, अर्थ बरोबर, पण 'खरा' कशाच्या तुलनेत, ते सांगायला हवं. चंद्राचा महिना सरासरी 29.53 दिवसांचा. बारा महिने म्हणजे 354 दिवस, सूर्याचं वर्ष 365 आणि वर थोडं. दर वर्षी अकरा दिवसांची तूट. ती साचत जाते आणि साधारण 32-33 महिन्यांनी एक महिना असा येतो की अमावास्येपासून अमावास्येपर्यंत संक्रांतच, म्हणजे सूर्याचा नव्या राशीत प्रवेश, पडत नाही. तो अधिक, आपला धोंड्याचा महिना. त्याला स्वतःचं नाव नाही, पुढच्या महिन्याचं उसनं घेतो. ज्याचं नाव उसनं घेतलं तो निज. 2023 चा अधिक श्रावण 18 जुलै ते 16 ऑगस्ट होता. सण निजात करायचे.

नारळी पौर्णिमेच्या तारखाच बघा: 2020 ला 3 ऑगस्ट, 2021 ला 22, 2022 ला 11, 2023 ला 30. अकरा दिवस मागे सरकते आणि अधिक महिना आला की पुढे ढकलली जाते. हा महिना नसता तर सहा-सात वर्षांत ती ऐन मृगाच्या पावसात आली असती. मृग मात्र सूर्याचा, दर वर्षी 7-8 जूनच्या आसपासच लागतो. 'दुष्काळात तेरावा महिना' म्हणून आपण या महिन्याला फार बोल लावतो, मला ते पटत नाही.

हिजरी वर्षात असा महिना घालत नाहीत, म्हणून मोहल्ल्यातला रमजान साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. ती चूक नव्हे. तो हिशोब फक्त चंद्राचा आणि त्यात तो चोख आहे.

प्रश्न (हर्णै): म्हणजे 1 ऑगस्टला उधाण होतंच ना दादा?

उत्तर (मालवण): होतंच. उधाण पौर्णिमा-अमावास्येला आणि भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी, अष्टमीच्या सुमारास, मग महिना अधिक असो की निज. पुतणीला 2026 चा अधिक ज्येष्ठ दाखवा, 17 मे ते 15 जून. मृग त्यातच लागतो.